पुण्यातील टेकडी कशी राखावी: नागरिक गटांसाठी कामाची पद्धत

पुण्यात टेकडीसाठी काही करावे असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा जून महिन्यात हातात रोप आणि कुदळ घेऊन वर चढतो. हेतू चांगला असला तरी कामाचा हा क्रम उलटा आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, म्हातोबा टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी किंवा कात्रजच्या बाजूचे उतार यांपैकी कोणतीही जागा घेतली, तरी आज तेथे जे जिवंत आहे ते टिकवणे हे पहिले काम, त्याला मारणारी कारणे दूर करणे हे दुसरे, आणि नवे काही लावणे हे शेवटचे, तेही खरोखर गरज असेल तर. रोज पहाटे फिरायला येणारे गट, पायथ्याच्या सोसायट्यांतील रहिवासी आणि महाविद्यालयांची निसर्ग मंडळे यांना वर्षभर पुरेल असे काम या क्रमाने पुढे मांडले आहे.

जमीन कोणाची, हे आधी पाहावे

खालून एकसंध दिसणारी टेकडी कागदावर अनेक तुकड्यांची असते. काही भाग वन विभागाकडे राखीव वन म्हणून असतो, काही महापालिकेच्या ताब्यात असतो, काही शासकीय किंवा शैक्षणिक संस्थांना दिलेला असतो आणि उरलेला खासगी मालकीचा असतो. म्हणून पहिल्या महिन्यात फावड्याला हात न लावता कागद जमवावेत. सर्व्हे नंबर, सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयातील नकाशा आणि महापालिकेच्या विकास आराखड्याचे त्या भागाचे पान एकत्र ठेवले, म्हणजे कोणत्या वाटेच्या डाव्या हाताला कोणाची हद्द सुरू होते हे समजते. त्यानंतर वन विभागाच्या हद्दीचे खांब प्रत्यक्ष चालत जाऊन पाहावेत आणि जे पडले, हलले किंवा नाहीसे झाले असतील त्यांची छायाचित्रांसह यादी करून वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी. अतिक्रमणाची सुरुवात बहुतेक वेळा हललेल्या खांबापासून होते, त्यामुळे ही यादी कंटाळवाणी असली तरी तिचे मोल वृक्षारोपणाच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी जास्त आहे.

हद्द समजली की कायदा समजतो. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू असतो आणि त्याच्या कलम २६ नुसार आग लावणे, झाड तोडणे, परवानगीविना गुरे चारणे, दगड काढणे ही कृत्ये गुन्हा ठरतात. वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करायचा असल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. खासगी जमिनीवर विकास आराखड्यातील ‘हिल टॉप–हिल स्लोप’, म्हणजे टेकडीचा माथा आणि उतार, या विभागाची बंधने पाहावी लागतात, तर १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकी पुढे कायम राहिलेल्या २३ गावांमधील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘बीडीपी’चे, आरक्षण आहे. या बंधनांची धार दोन्ही बाजूंना असते, हे गटातील उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवावे. राखीव वनात परवानगीविना चर खणणे किंवा परदेशी झाड तोडणे हेही नियमभंगच आहे, आणि करणाऱ्याच्या मनात निसर्गप्रेम होते ही सबब तेथे चालत नाही.

म्हणून कागद घेऊन त्या बीटचे, म्हणजे वनाच्या त्या छोट्या भागाचे, वनरक्षक आणि त्यांचे वनपाल यांना भेटावे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि वर्षभरात कोणते काम कोणत्या जागी करण्याचा विचार आहे ते नकाशावर दाखवून त्याची परवानगी घ्यावी. महापालिकेच्या जागेसाठी हाच अर्ज उद्यान विभागाकडे जातो. तोंडी होकारावर काम सुरू करू नये, कारण अधिकाऱ्याची बदली झाली की होकारही त्याच्याबरोबर जातो.

टेकडी मुळात कशी आहे

पुण्याच्या टेकड्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या आहेत. वर मातीचा थर पातळ, अनेक ठिकाणी उघडा खडक, वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा जागी नैसर्गिकरीत्या उगवते ते झुडपांचे विरळ रान आणि त्यामधले गवताळ माळ. सालई, मोई, मेडशिंगी, धावडा, हिवर, खैर, पळस, गणेर, पांगारा ही येथील झाडे. बोर, तरवड, हेंकळ ही झुडपे. कुसळी, पवना, मारवेल ही गवते. उन्हाळ्यात हे रान वाळलेले, उदास आणि ओसाड दिसते, आणि नेमके त्याच वेळी पाहणाऱ्याला वाटते की येथे काहीच नाही, तेव्हा काहीतरी लावले पाहिजे. ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी आभाळी, सफेद मुसळी, कळलावी, तेरडा आणि पुढे सोनकी उगवलेली दिसते. या वनस्पतींपैकी अनेक आपल्या कंदांच्या रूपाने आठ महिने जमिनीखाली दबून असतात. उन्हाळ्यात घेतलेला खड्डा नेमका त्यांच्यावर येतो.

माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत प्रशासनात आणि आपल्याही मनात फार खोल आहे. पुणे जिल्ह्यातच बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मुख्यतः चिंकाऱ्यासाठी राखले आहे, आणि चिंकाऱ्याला हवा असतो तो उघडा, गवताळ, दूरवर दिसणारा माळ. शहरातल्या टेकडीवर चिंकारा नसला तरी तितर, टिटवी आणि चंडोल हे जमिनीवर घरटे करणारे पक्षी त्याच प्रकारच्या जागेवर अवलंबून आहेत. त्या माळावर दाट झाडी उभी केली की हे पक्षी जातात आणि त्यांच्या जागी शहरातील कोणत्याही बागेत दिसणारे कावळे, साळुंक्या येतात. हिरवाई वाढली असे फोटोत दिसते, पण टेकडीचे रान मात्र आटलेले असते.

यासाठी पहिले एक पूर्ण वर्ष केवळ नोंदीला द्यावे, असे माझे ठाम मत आहे. जून ते जून असे वर्ष घेतले तर उत्तम. पद्धत साधी असावी, म्हणजे ती टिकते. टेकडीवर आठ-दहा ठिकाणे ठरवून तेथील दगडांवर किंवा खांबांवर खूण करावी आणि दर महिन्याला त्याच ठिकाणाहून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये एक मीटर लांब-रुंद दोरीचे चौकोन माळावर, झुडपांत, गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या, झाडांखाली आणि कातळाच्या कडेला टाकून आत कोणकोणत्या वनस्पती आहेत ते मोजावे. पक्ष्यांसाठी साधारण एक किलोमीटरची ठरलेली वाट सकाळी ठरलेल्या वेळी चालून ऐकलेले आणि पाहिलेले पक्षी लिहावेत. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग कोणत्या ओढ्यात ऐकू आला यासारखी नोंद पुढे एखाद्या रस्त्याच्या आखणीला हरकत घेताना कामी येते. ओळख पटवण्यासाठी पुण्यात मदत भरपूर आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र येथेच आहे, आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे आणि महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे जाणकार अध्यापक आहेत. आयनॅचरलिस्ट आणि ई-बर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी टाकाव्यात, मात्र दुर्मिळ कंदवर्गीय वनस्पती आणि घरटी यांची अचूक जागा उघड करू नये. फुलाचा फोटो समाजमाध्यमावर जागेसह गेला की पुढच्या रविवारी तेथील गवत तुडवलेले असते.

लावायचेच असेल तर

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मूळचे मध्य अमेरिकेकडचे हे झाड लवकर वाढते, तोडले तरी फुटते आणि गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून टेकडी झटपट हिरवी करण्यासाठी ते सोयीचे वाटले. आज त्याखाली स्थानिक गवत आणि पावसाळी फुले फार कमी दिसतात. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची कथा वेगळी नाही. तरीही ही झाडे एका दमात काढून टाकण्याचा आग्रह धरू नये. उतारावरची माती तूर्तास त्यांच्या मुळांनी धरलेली आहे, काही पक्षी त्यांच्यावर घरटी करतात आणि शिवाय शहरातील झाडांना महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू असल्याने तोडीला परवानगी लागते. परवानगी घेऊन त्यांची नवी रोपे दरवर्षी पावसाळ्यात मुळासकट उपटावीत, मोठ्या झाडांखाली स्थानिक झाड स्वतःहून उगवले असेल तर त्याच्या डोक्यावरच्या फांद्या विरळ करून त्याला ऊन मिळवून द्यावे, आणि बदल दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबाने होऊ द्यावा.

स्वतःहून उगवलेले रोप हेच टेकडीवरचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे रोप असते. अशा रोपांभोवती दगडांचे छोटे आळे करावे, बोरीच्या काटेरी फांद्या लावाव्यात आणि बांबूला रंगीत पट्टी बांधून खूण करावी, म्हणजे गवत कापणाऱ्याच्या विळ्याखाली ती जात नाहीत. शंभर नव्या खड्ड्यांपेक्षा अशी वीस रोपे वाचवणे चांगले.

ज्या जागा खरोखर उजाड झाल्या आहेत, उदाहरणार्थ जुन्या खाणींच्या कडा, राडारोडा उचलल्यानंतरची जमीन किंवा वाटा बंद केल्यानंतर राहिलेले पट्टे, तेथेच लागवड करावी. बी त्याच टेकडीवरून किंवा शेजारच्या टेकडीवरून उन्हाळ्यात गोळा करावे आणि सोसायटीच्या आवारात छोटी रोपवाटिका करून रोपे किमान एक वर्ष वाढवावीत. खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्यावेत, साधारण दीड फूट लांब, रुंद आणि खोल, आणि खणताना वरची माती वेगळी ठेवून तीच तळाशी मुळांजवळ परत घालावी. लागवड पहिल्या सरीला करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की करावी, पण जुलैच्या मध्यापलीकडे लांबवू नये, कारण मुळांना पावसाचे उरलेले सगळे आठवडे हवे असतात. प्लास्टिकच्या पिशव्या मोजून वर न्याव्यात आणि मोजून खाली आणाव्यात. पुढचे तीन उन्हाळे पाणी, वाळलेल्या गवताचे आच्छादन आणि राखण यांची जबाबदारी ज्या व्यक्तीने नावानिशी घेतली आहे तेवढीच रोपे लावावीत. वाढदिवस, कंपन्यांचे सामाजिक उपक्रम आणि नेत्यांचे दौरे यांसाठी टेकडीवर खड्डे घेऊ देऊ नयेत. अशा पाहुण्यांना तण काढण्याचे काम द्यावे, ते फोटोतही चांगले दिसते.

गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सप्तपर्णी यांना टेकडीवर जागा नाही. वड आणि पिंपळ देशी असले तरी माथ्यावरच्या कोरड्या कातळावर लावण्याची झाडे नव्हेत. ओढ्याकाठी, पायथ्याशी त्यांची जागा आहे.

तण काढणे

गाजर गवताचा भारतातला पहिला ठळक बोभाटा १९५० च्या दशकात पुण्यातच झाला, तेव्हा त्याच्याशी लढण्याचा मान आपल्याकडे आपसूकच येतो. ते फुलण्याआधी, जुलै आणि ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकावर रुमाल आवश्यक आहे, कारण त्वचेला आणि श्वासाला त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सुटत नाही. पानांवर पांढुरके, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नये. हे मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात याच गवताच्या बंदोबस्तासाठी देशात आणले गेले आणि ते आपले काम मजुरी न घेता करतात.

घाणेरी, म्हणजे टणटणी, वरून कापली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचे खोड जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, जेथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली, कुदळीने तोडून झुडूप उलटे टांगून वाळवावे आणि हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे. पक्षी तिच्या दाटीत लपतात, म्हणून एका वर्षी सगळी न काढता पट्ट्यापट्ट्याने काढावी आणि रिकाम्या झालेल्या पट्ट्यात स्थानिक झुडपे उभी राहिली की पुढच्या पट्ट्याला हात घालावा. रस्त्याकडेला हौसेने पेरलेला पिवळा-केशरी कॉसमॉस दिसायला मोहक असला तरी माळावर झपाट्याने पसरतो, तोही बी धरण्याआधी उपटावा. तणनाशकाची फवारणी टेकडीवर करू नये. पहिल्याच सरीला ते ओढ्यात उतरते.

वणवा

सर्वांत मोठे नुकसान आगीने होते, आणि पुण्याच्या टेकड्यांवर आपोआप लागणारी आग जवळजवळ नसतेच. विडीचे थोटूक, कचऱ्याचा जाळ, पार्टीनंतर न विझवलेली शेकोटी, पुढच्या वर्षी गवत चांगले येईल या समजुतीने मुद्दाम लावलेली काडी, ही तिची कारणे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, पण तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते.

ऑक्टोबरअखेर गवत पिवळे पडू लागले की वनरक्षकांबरोबर टेकडी चालून जाळरेषा कोठे काढायच्या ते ठरवावे. जाळरेषा म्हणजे गवत कापून, पालापाचोळा बाजूला ओढून मोकळा केलेला पट्टा. आग तेथे येऊन अन्नाविना थांबते. आहे त्या वाटांच्या दोन्ही बाजू, रस्त्याकडची हद्द, वस्तीलगतचा पायथा आणि माथ्यावरची सोंड या चार जागा प्रथम घ्याव्यात. रुंदी किमान तीन मीटर असावी, उतार तीव्र आणि गवत उंच असेल तेथे सहा. गवत कापताना बोरी, हेंकळ आणि राखून ठेवलेली रोपे सोडावीत. जमीन खरवडू नये, कारण खरवडलेल्या पट्ट्यात पुढच्या पावसात गाजर गवतच प्रथम येते. कापलेले गवत तेथेच ढीग घालून ठेवणे म्हणजे आगीला शिदोरी देणे होय. ते पायथ्याच्या जनावरवाल्यांना न्यायला द्यावे, थोडे रोपांच्या आच्छादनासाठी ठेवावे. जाळून जाळरेषा काढण्याची पद्धत वन विभागाची आहे, ती त्यांच्या प्रशिक्षित माणसांनीच वापरावी. नागरिक गटांनी काडेपेटीला हात लावू नये.

हंगामात संध्याकाळी पाच ते रात्री नऊ या वेळेत गस्त हवी. दोघांपेक्षा कमी माणसे गस्तीला पाठवू नयेत. पाहण्यासाठी माथ्यावर अशी एक जागा ठरवावी जेथून सर्व उतार दिसतात. धूर दिसताच प्रथम फोन, नंतर धाव. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी, अग्निशमन दलाचा १०१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत, आणि जागा सांगताना ‘वेताळ टेकडीवर’ एवढे न सांगता जवळची वाट, प्रवेशद्वार आणि गाडी कोठपर्यंत येऊ शकते तेही सांगावे. नोंदीसाठी खूण केलेल्या ठिकाणांचे क्रमांक येथे उपयोगी पडतात.

विझवण्याचे नियम कडक ठेवावेत. आग चढावर वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला किंवा ओढ्याच्या अरुंद घळीत कधीही उभे राहू नये. कडेने, वाऱ्याकडे पाठ करून, जळून गेलेल्या बाजूने पुढे सरकावे. हिरव्या फांद्यांची झोडपणी किंवा ओले गोणपाट गुडघ्याएवढ्या ज्वाळेपर्यंत उपयोगी पडते. ज्वाळा त्याहून उंच असेल तर मागे हटून पुढच्या जाळरेषेवर थांबावे. सुती कपडे, जाड तळाचे बूट आणि पाणी आवश्यक आहे. कृत्रिम धाग्याचे व्यायामाचे कपडे अंगावर वितळतात, त्यामुळे फिरायला आलेला माणूस त्याच वेषात आगीकडे धावत असेल तर त्याला अडवावे. मुले आणि दम्याचे रुग्ण यांना खाली पाठवावे. आग विझल्यावर तासभर तेथेच थांबून धुमसणारे बुंधे आणि शेणाच्या गोवऱ्या पाहाव्यात, कारण दुसऱ्यांदा पेटणारी आग बहुधा तेथूनच उठते.

जळालेल्या जागी लगेच वृक्षारोपण करू नये. एक पावसाळा वाट पाहावी आणि काय फुटते ते नोंदवावे. गवत पुन्हा येते, परंतु दरवर्षी जळणाऱ्या उतारावर झाडांची रोपे वाढू शकत नाहीत, म्हणून तोच उतार पुढची निदान पाच वर्षे आगीपासून सांभाळणे हीच तेथील लागवड.

माती, पाणी आणि वाटा

जलसंधारणाच्या नावाखाली यंत्राने सरसकट समतल चर काढण्याची हौस टेकडीला महाग पडते. जेथे माती वीतभरच आहे तेथे चराने ती उकरली जाते आणि कंद, गवताची मुळे, मुंग्यांची वारुळे एकदम नष्ट होतात. त्याऐवजी वाहून जाणाऱ्या छोट्या घळींत जागेवरच्या दगडांचे अनघड बांध वरून खाली या क्रमाने घालावेत. उंची गुडघ्याएवढी, मध्यभाग थोडा खोलगट, पायथ्याला मोठे दगड. पण दगडही परवानगीविना उचलू नयेत आणि रुतलेला दगड उचलू नये. त्याखाली विंचू, पाली आणि फुरसे यांचे घर असते. घोणस आणि फुरसे या दोन्ही विषारी सापांचा वावर या टेकड्यांवर आहे. दंश झाल्यास बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता १०८ वर फोन करून, त्या माणसाला फार न चालवता, प्रतिविष असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मातीची खरी धूप वाटांवरून होते. एका वळणाला कंटाळून दहा जणांनी सरळ खाली उतरायला सुरुवात केली की दोन पावसाळ्यांत तेथे घळ पडते. मुख्य वाटा ठरवून बाकीच्या चोरवाटा काटेरी फांद्यांनी दोन्ही टोकांना बंद कराव्यात आणि बंद का केल्या ते छोट्या पाटीवर लिहावे. प्रवेशाच्या जागी माणूस वळून जाऊ शकेल पण दुचाकी जाणार नाही अशी अरुंद वाट ठेवावी. पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या पायऱ्या, व्यायामाची साधने, कारंजी, रोषणाई यांचे प्रस्ताव दरवर्षी येतात आणि ते लोकप्रियही असतात. त्यांना ठामपणे विरोध करावा, कारण हे सगळे पायथ्याच्या बागेत शोभते. रात्रीचा उजेड तर घुबड, वटवाघूळ आणि रातकिडे या सर्वांच्या आयुष्यात ढवळाढवळ करतो.

राडारोडा रात्रीच टाकला जातो, आणि एक गाडी रिकामी झाली की ती जागा आठवड्याभरात अधिकृत असल्यासारखी वापरली जाते. पहिल्या ढिगालाच तक्रार करावी. गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा यांसह महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि वनहद्दीत असेल तर तीच माहिती वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी द्यावी. गाडी अडवण्याचा प्रयत्न करू नये.

टेकडीवरची माणसे आणि जनावरे

सरपणाला येणाऱ्या बायका, शेळ्यावाले आणि गवत नेणारे लोक यांना चोर समजण्याची सवय फिरायला येणाऱ्यांना असते, तर आपल्या गाडीचा हॉर्न आणि मोबाईलवरचे भजन टेकडीला चालते असेही त्यांना वाटते. वास्तविक पायथ्याच्या वस्तीतील माणूस दिवसभर तेथे असतो आणि धूर, नवे कुंपण, अनोळखी गाडी त्यालाच प्रथम दिसते. गटाच्या बैठकीला त्यांना बोलवावे, बैठक त्यांच्या सवडीच्या वेळी ठेवावी, जाळरेषेचे काम मजुरी देऊन त्यांच्याकडूनच करून घ्यावे. चराईच्या बाबतीत वन विभागाचा नियम पाळला जावा, परंतु तो समजावण्याचे काम हातात काठी घेतलेल्या सदस्याने करू नये.

मोरांना बाजरी टाकणे, माकडांना आणि खारींना बिस्किटे देणे बंद करावे. दाण्यामुळे मोर ठरावीक जागी जमतात आणि कुत्र्यांना आयते सापडतात. मोकाट कुत्रे हा टेकडीवरच्या सशांचा, तितरांचा आणि मोरांच्या पिलांचा मोठा शत्रू आहे. त्यांना टेकडीवर अन्न घालू नये, पायथ्याला ठरवून दिलेल्या जागी घालावे आणि निर्बीजीकरण व लसीकरणासाठी महापालिकेला कळवावे. पाण्याची भांडी ठेवायची असतील तर ती उथळ असावीत, वाटेपासून दूर असावीत आणि दर आठवड्याला घासली जावीत. न घासलेले भांडे ठेवण्यापेक्षा ते नसलेले बरे. बिबट्या दिसला असे कळल्यास गर्दी न करता १९२६ वर कळवावे.

हरकत कशी घ्यावी

टेकडीवरचे मोठे संकट बऱ्याचदा वर्तमानपत्रातील बारीक अक्षरांच्या सूचनेतून येते. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. गटातील एका सदस्याने या सूचना वाचण्याचे काम कायमचे अंगावर घ्यावे. हरकतीत भावना कमी आणि तपशील जास्त असावा. सर्व्हे नंबर, उतार, आराखड्यातील आरक्षण, ओढ्याची रेषा, आपल्या नोंदीतील वनस्पती आणि पक्षी, छायाचित्रांच्या तारखा. वर्षभराच्या नोंदींचे खरे मोल येथे कळते. झाडे तोडण्याचा प्रस्ताव असेल तर वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत लेखी हरकत घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण आहे, तेव्हा घेर मोजून वयाचा अंदाज हरकतीत द्यावा.

माहिती लपवली जात असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याला साधारणतः ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. प्रश्न ‘का’ असा न विचारता ‘कोणता आदेश, कोणत्या तारखेचा, त्याची प्रत’ असा विचारावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे, ही आपली मोठी सोय आहे, पण तेथे पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. पत्रव्यवहार आणि निवेदने यांत ती निघून जाऊ देऊ नये. वकिलाकडे जाण्याआधी कागद तारीखवार लावून ठेवले तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात.

नोंदी कोणाकडे असाव्यात

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या सहभागाने केलेली जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. आपल्या नोंदी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एकत्र करून त्यांची एक प्रत या समितीला, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि एक एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला पोच घेऊन द्यावी. दुर्मिळ वनस्पतींच्या जागांचे पान वेगळ्या लिफाफ्यात ठेवून ते केवळ वन विभागाला द्यावे. मूळ वही एकाच माणसाच्या घरी किंवा एकाच फोनमध्ये ठेवू नये. हद्दीच्या खांबांची यादी, परवानगीपत्रे, तक्रारींचे क्रमांक आणि जाळरेषांचा नकाशा याच वहीला जोडावा, आणि याच बैठकीत वनरक्षकांबरोबर टेकडी चालण्याचा दिवस ठरवून घ्यावा, कारण तोवर कुसळीला रंग चढू लागलेला असतो आणि गवत कापणाऱ्यांना आठ दिवस आधी सांगावे लागते.